परभणीचे स्फटिक व नोंदचिठ्ठीचा प्रश्न : खनिजव्यापाराच्या इतिहासातील भूशास्त्रज्ञाचे स्थान

खनिजांच्या नमुन्यांचा व्यापार हा इतर व्यापारांहून एका बाबतीत वेगळा आहे. धान्य कोणत्या शेतातले, हे ठाऊक नसले तरी धान्याचे मोल बुडत नाही. खनिजाचा नमुना कोणत्या स्थळी, कोणत्या खडकात, किती खोलीवर सापडला हे ठाऊक नसेल तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे बहुतेक मोल नाहीसे होते. म्हणून या व्यापाराच्या इतिहासात दगड कोणी विकला, यापेक्षा दगडाबरोबरची नोंदचिठ्ठी कोणी लिहिली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. परभणी जिल्ह्यातील स्फटिकांच्या संदर्भात हाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

खाणविद्या शिकलेल्या माणसाने संग्रहाच्या आवडीतून कौटुंबिक व्यवसाय उभारावा, याचे जुने व ठळक उदाहरण जर्मनीतील आहे. सॅक्सनीतील फ्रायबेर्ग येथे १७६५ मध्ये खाणविद्येची अकादमी स्थापन झाली. आब्राहाम गॉटलोब वेर्नर यांच्या अध्यापनामुळे तिची कीर्ती युरोपभर पसरली. भोवताली चांदीच्या खाणी होत्या. त्यांतून निघणाऱ्या खनिजांचे वर्णन, वर्गीकरण व जतन हा तेथील शिक्षणाचाच भाग होता. या परंपरेत शिकलेल्या आउगुस्ट क्रांट्स यांनी १८३३ मध्ये फ्रायबेर्ग येथे खनिजविक्रीची पेढी काढली. पुढे ती बर्लिनला आणि १८५० मध्ये बॉन येथे गेली. १८७२ मध्ये संस्थापकाचे निधन झाले; शतकाच्या अखेरीस पुतणे फ्रीडरिश क्रांट्स यांनी घराण्याचा हा व्यवसाय पुढे नेला. खनिजे, जीवाश्म, खडकांचे संच आणि लाकडी स्फटिकप्रतिमाने या पेढीतून देशोदेशीच्या विद्यापीठांत गेली.

या यशाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. क्रांट्स यांचे ग्राहक प्राध्यापक व संग्रहालये होती. ज्या नमुन्यावर स्थळाची विश्वसनीय नोंद नाही, तो नमुना अशा ग्राहकाला नको असतो. त्यामुळे विद्येची शिस्त आणि व्यापाराचे हित एकत्र आले. पेढीची छापील चिठ्ठी हीच तिची पत ठरली. वारसाला जे मिळाले त्यात दगडांचा साठा होता, तशीच नावानिशी नोंद ठेवण्याची सवयही होती.

दख्खनमध्ये आरंभ याहून वेगळ्या रीतीने झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांनी बनलेला येथील काळा पाषाण आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो. लाव्हा थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजयुक्त उष्ण द्रव झिरपून स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट इत्यादी झिओलाइटे आणि त्यांच्या सोबतीने अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट व गारगोटीच्या जातीची खनिजे जमली. कर्नल विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या भूरचनेचे वर्णन केले. हेन्री जेम्स ब्रुक यांनी १८३१ मध्ये एका खनिजाला पुण्यावरून 'पूनाहलाइट' असे नाव दिले; ते स्वतंत्र खनिज म्हणून टिकले नाही, परंतु पुण्याचे नाव विलायतेच्या संग्रहांत तेव्हाच पोचले होते, एवढे त्यावरून दिसते. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील लोहमार्गाचे काम झाले आणि बोगद्यांच्या खोदकामातून उत्तम स्फटिक बाहेर आले. त्यानंतर 'बोरघाट' हे नावही संग्राहकांच्या परिचयाचे झाले.

परभणी जिल्हा याच पाषाणावर वसलेला आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांत काळी जमीन, उत्तरेस जिंतूरकडे डोंगराळ भाग, आणि खाली एकावर एक लाव्ह्याचे थर, अशी त्याची रचना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभाचा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग, १९६० च्या दशकातील येलदरी धरण, कालवे, १९९० च्या दशकातील लोहमार्गाचे रुंदीकरण आणि सडकांची कामे यांसाठी दगड व खडी लागली. विहिरींचे खोदकाम तर अखंड चालूच होते. जिंतूर व सेलू ही नावे संग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर आली ती अशा खोदकामांमुळे.

परंतु या खोदकामात भूशास्त्रज्ञाला स्थान नव्हते, आणि त्याचे कारण अर्थव्यवहारात आहे. महाराष्ट्रात खाणकामातील भूशास्त्रज्ञाला काम मिळाले ते मुख्यतः पूर्वेकडे : नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीजमध्ये आणि चंद्रपूरच्या कोळशात. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात तसे धातुक नाही. खडीसाठी दगड फोडणाऱ्या कंत्राटदाराला सुरुंग, पाथरवट व खडीयंत्र पुरेसे असते. दगडाची मोजणी ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांच्या मापात होते; या मापात पोकळीतील स्फटिक दिसत नाही. उलट, पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या दगड बांधकामाच्या दृष्टीने हलकाच मानला जातो. खाणमालकाला जो दोष वाटतो, तोच संग्राहकाला ठेवा वाटतो.

ही पोकळी व्यापाऱ्यांनी भरून काढली. १९५५ मध्ये अमेरिकेतील टूसॉन येथे खनिजप्रदर्शन सुरू झाले आणि पुढील दशकांत जगभरचे संग्राहक तेथे जमू लागले. दख्खनच्या स्फटिकांना मागणी वाढली, तसा खाणींवर फिरून नमुने घेणारा, ते स्वच्छ करून शहरात पोचवणारा व परदेशी पाठवणारा असा वर्ग तयार झाला. हे कसब बापाकडून मुलाकडे आणि भावाकडून भावाकडे गेले. नौदलाच्या सेवेतून या क्षेत्रात आलेले कृष्णचंद्र पांडे यांनी सिन्नर येथे 'गारगोटी' हे संग्रहालय उभारले. त्यामुळे महाराष्ट्रातील स्फटिक महाराष्ट्रातच पाहण्याची सोय झाली. फ्रायबेर्गमध्ये विद्येतून व्यापार निघाला. येथे व्यापार आधी आला आणि विद्येला त्याच्यामागून जावे लागले.

या क्रमाचा परिणाम चिठ्ठीवर झाला. चांगल्या खाणीचा पत्ता हे व्यापाऱ्याचे भांडवल असते, आणि भांडवल कोणी चव्हाट्यावर मांडत नाही. परिणामी 'पूना', 'जळगाव', 'औरंगाबाद' अशी मोठ्या गावांची नावे दूरवरच्या नमुन्यांनाही लागण्याचा धोका निर्माण झाला. त्यात राज्यकारभाराच्या बदलांची भर पडली. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला. १९९९ मध्ये हिंगोली, कळमनुरी, वसमत हा भाग वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. तेव्हा १९७५ च्या चिठ्ठीवरील 'परभणी जिल्हा' आणि २००५ च्या चिठ्ठीवरील 'परभणी जिल्हा' हे एकच क्षेत्र नव्हे. गावाचे नाव व साल दोन्ही नसतील, तर अशी चिठ्ठी वाचकाला चुकीच्या खोऱ्यात नेऊन सोडते.

ही हानी केवळ संग्राहकाची नाही. रु. न. सुखेस्वाला, अवासिया व गंगोपाध्याय यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील झिओलाइटांच्या वाटणीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि निरनिराळ्या भागांत निरनिराळी झिओलाइटे प्रमुख असल्याचे दाखवून त्यांचे पट्टे कल्पिले. असा पट्टा आखावयाचा तर प्रत्येक नमुन्याचे स्थळ व लाव्हाप्रवाह निश्चित हवा. १९९७ मध्ये झिओलाइटांचे नामकरण नव्याने ठरले आणि नावापुढे प्रमुख धनायनाची खूण लावण्याची रीत आली. म्हणजे रासायनिक पृथक्करणाची गरज वाढली. पृथक्करण केव्हाही करता येते. खाण खडीत गेल्यावर तिचे स्थळ मात्र पुन्हा शोधता येत नाही.

तथापि सर्व दोष व्यापाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. त्याने हात घातला नसता तर हे स्फटिक खडीयंत्रात भरडले गेले असते. भूशास्त्रज्ञ रुस्तम कोठावाला यांनी १९९१ मध्ये वाघोलीच्या कॅव्हन्साइटच्या खाणीचे वर्णन 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या अमेरिकी नियतकालिकात केले. त्याच नियतकालिकात बेर्टोल्ड ओटेन्स यांचा दख्खनच्या खनिजांवरील विस्तृत लेख २००३ मध्ये आला. बाजाराने जगाचे लक्ष या खनिजांकडे वेधले नसते, तर अशा लेखनाला वाचक मिळाला नसता. व्यापारी कुटुंबांच्या स्मरणात खाणी, साले व माणसे यांची जी माहिती आहे, ती कोणत्याही शासकीय दप्तरात नाही. ती लिहून घेतली नाही तर एका पिढीबरोबर ती नष्ट होईल.

फ्रायबेर्गचे उदाहरण परभणीला जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण येथे चांदी नाही व अकादमीही नव्हती. पण त्यातील एक गोष्ट येथे शक्य आहे. मराठवाड्यात १९५८ पासून विद्यापीठ आहे, १९९४ पासून नांदेडलाही आहे. या विद्यापीठांतील विद्यार्थ्याने खाण चालू असतानाच तेथे जावे, गाव, शिवार, खोली, प्रवाह व तारीख लिहावी, आणि जुन्या व्यापाऱ्याजवळ बसून त्याची आठवण उतरून घ्यावी, याला मोठा खर्च लागत नाही. क्रांट्स यांच्या पेढीने विद्यापीठांना नमुने पुरवले. परभणीत विद्यापीठाने व्यापाराला चिठ्ठी पुरवावी लागेल.