मेंदू–आतडे विकारांचे वैद्यकीय प्रशिक्षण (कर्जत–खालापूर)

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या हालचालींतील बिघाड, तसेच मेंदू व आतडी यांच्यातील संदेशवहन बिनसल्याने होणारे विकार ओळखायला आणि हाताळायला डॉक्टरांना शिकवणारी वैद्यकशाखा. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू सैल न पडणे (ॲकेलेशिया), मधुमेहात जठर मंदावणे, मुलांमधील हर्षस्प्रुंग विकार हे पहिल्या गटात येतात. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), कार्यात्मक अपचन आणि जुनाट मलावरोधाचा बराच भाग दुसऱ्या गटात मोडतो. या दुसऱ्या गटात रक्ततपासणी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळे ‘नॉर्मल’ येते आणि पोट मात्र दुखतच राहते. रिपोर्ट चांगले आहेत म्हणजे आजारच नाही, हा समज डॉक्टरांच्या मनातून काढणे हे या प्रशिक्षणाचे पहिले काम आहे.

आतड्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जाजाल असते. त्यातील मज्जापेशींची संख्या १० ते ५० कोटींच्या घरात धरली जाते. अन्नाचा गोळा आला की त्याच्या मागचा भाग आकुंचन पावतो आणि पुढचा सैल पडतो, हे बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये दाखवले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ली याने १९२१ मध्ये या जाळ्याला स्वतंत्र मज्जासंस्थेचा दर्जा दिला. या विकारांच्या निदानाचे निकष ठरवणाऱ्या रोम फाउंडेशनने २०१६ मध्ये चौथ्या आवृत्तीचे निकष प्रसिद्ध केले आणि ‘कार्यात्मक’ या शब्दाऐवजी ‘आतडे–मेंदू परस्परक्रियेचे विकार’ ही संज्ञा रूढ केली. त्या निकषांप्रमाणे आयबीएस ठरवताना गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला सरासरी किमान एक दिवस पोटदुखी असावी लागते. तिचा संबंध शौचाला होणे, शौचाच्या वेळा बदलणे आणि मळाचे स्वरूप बदलणे यांपैकी किमान दोन गोष्टींशी असावा लागतो, आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिने आधीची असावी लागते.

हे निकष इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्याकडे बहुतेक माणसांना रोज एकदा तरी शौचाला होते. त्यामुळे ‘आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा’ ही मलावरोधाची पाश्चात्त्य व्याख्या लावली तर कुंथून बेजार झालेला माणूसही निरोगी ठरतो. मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकण्याचा वेगही इथे जास्त. क्ष-किरणांत दिसणाऱ्या खुणा गिळायला देऊन हा वेग मोजतात. पाश्चात्त्य पद्धतीत पाचव्या दिवशी फोटो काढतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेतील उदय घोषाल व सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांसाठी ३६ व ६० तासांनी फोटो काढण्याची पद्धत बसवली. घोषाल यांच्याच पुढाकाराने इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कृतिगटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री पाहणीत समाजातील आयबीएसचे प्रमाण ४.२ टक्के आढळले. मुंबईत शोभना भाटिया व सहकाऱ्यांच्या २००१ च्या पाहणीत सुमारे ३० टक्के लोकांना अपचनाचा त्रास होता, आणि १२ टक्क्यांचा त्रास दखल घेण्याजोगा होता.

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे आतले, घाटाला टेकलेले तालुके. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथे ग्रामीण रुग्णालये, आणि नेरळ, खांडस, लोहोप यांसारख्या ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग असले तरी कर्जतकराला लोकल पकडून दादर–परळ गाठणे सोयीचे पडते. मॅनोमेट्रीसारखी (नळीने आतला दाब मोजण्याची) तपासणी करायची तर मुंबई किंवा नवी मुंबईलाच जावे लागते. खांडसच्या वरच्या वाडीतल्या ठाकर वा कातकरी बाईचा त्यात दिवसाचा रोज बुडतो. खोपोली–सावरोली पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळ्या बदलत राहतात, आणि फिरत्या पाळीने झोपेबरोबर पोटाचेही वेळापत्रक मोडते. म्हणून या भागात प्रशिक्षणाची खरी जागा प्राथमिक केंद्रातली ओपीडी आहे. यंत्र नसताना काय ओळखता येते, हे तिथल्या डॉक्टरांना आधी शिकवायला हवे.

पुष्कळ काही ओळखता येते. ‘पोट साफ होत नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाला बहुतेक ठिकाणी लगेच रेचकाची गोळी मिळते. प्रशिक्षित डॉक्टर आधी विचारतो : कडक होते का? जोर लावावा लागतो का? जाऊन आल्यावरही राहिल्यासारखे वाटते का? बोटाने काढावे लागते का? ही शेवटची गोष्ट रुग्ण आपणहून कधीच सांगत नाही. विचारले की मान खाली घालून ‘हो’ म्हणतो, आणि निदानाची निम्मी वाट तिथेच सरते. ब्रिस्टल येथे तयार झालेला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला मळाच्या सात प्रकारांचा चित्रतक्ता टेबलावर ठेवला, तर अक्षरओळख नसलेला माणूसही बोट ठेवून प्रकार दाखवतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे गुदमार्गाची बोटाने तपासणी. ती एमबीबीएसला शिकवली जाते आणि नोकरीत विसरली जाते. हातमोजा आणि जेली एवढेच साहित्य लागते. रुग्णाला कुशीवर झोपवून बोट आत असताना शौचाला बसल्यासारखा जोर करायला सांगायचे. निरोगी माणसात पोटाचे स्नायू घट्ट होतात, गुदद्वाराची पकड सैल पडते आणि बैठकीचा भाग किंचित खाली उतरतो. काहींच्या बाबतीत उलटे घडते : जोर करताच बोटाभोवतीची पकड आणखी आवळते. हा स्नायूंचा विसंवाद. त्यावर रेचके पुरी पडत नाहीत, बायोफीडबॅक पद्धतीने स्नायू सैल सोडायला शिकवावे लागते. तज्ज्ञाच्या बोटाला असे चारपैकी तीन रुग्ण सापडतात, असे २०१० मधील एका अभ्यासात दिसले. तपासणीआधी काय करणार ते सांगणे, पडदा ओढणे आणि स्त्री-रुग्णासोबत परिचारिका असणे हाही शिकवण्याचाच भाग.

धोक्याच्या खुणा मात्र पाठ हव्यात : वजन घटणे, शौचातून रक्त, ताप, पांडुरोग, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून आहे, आणि उजव्या बाजूला खाली दुखणारे पोट ‘टेन्शनचे’ म्हणून सोडून देणे महागात पडते. उलट चूकही तितकीच पसरलेली आहे. मुरडा आला की अमीबा, आणि अमीबा म्हटले की मेट्रोनिडॅझोल. तपासणी न करता असे कोर्सवर कोर्स घेतलेले रुग्ण प्रत्येक ओपीडीत असतात.

उपचारांत सर्वांत जास्त शिकवावे लागते ते औषध न देणे. ॲसिडिटीच्या गोळीत लेव्होसल्पिराइड मिसळलेली जोडऔषधे चिठ्ठीशिवाय मिळतात. ती महिनोन्महिने घेतल्यास हात थरथरणे, अंग आखडणे, स्त्रियांत पाळी चुकणे हे परिणाम दिसतात. अशा रुग्णाला कंपवाताची गोळी सुरू करण्याआधी त्याची औषधांची पिशवी उघडून पाहावी. दुसऱ्या टोकाला, नैराश्याच्या उपचारापेक्षा पुष्कळ कमी मात्रेत दिलेले ॲमिट्रिप्टिलिन आयबीएसला उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲटलांटिस’ चाचणीत हे औषध फॅमिली डॉक्टरांनीच १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेत सांभाळले. तालुक्याच्या डॉक्टरला हे जमणार नाही म्हणायला त्यानंतर आधार उरलेला नाही. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ आणि हृदयाच्या ठोक्यांचे विकार विचारून घेतले पाहिजेत, आणि ‘ही वेड्याची गोळी नाही, आतड्याच्या नसा शांत करायची आहे’ हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर शेजारी कोणी सांगताच गोळी बंद होते.

आहाराचा सल्ला स्थानिक ताटावरून द्यावा. परदेशी यादी छापून देण्यात अर्थ नाही. वाल, चवळी, कांदा, लसूण यांतील काही शर्करा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत. त्या मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू धरतो. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावली की पोट फुगल्याच्या तक्रारी येणारच. ज्याला त्रास होतो त्याने काही आठवडे वाल सोडून पाहावेत आणि मग थोडेथोडे घेऊन आपली मर्यादा ठरवावी. भात, तांदळाची भाकरी, मासे सहसा बाधत नाहीत. कुपोषण असलेल्या वाड्यांत पथ्याच्या नावाखाली डाळी कायमच्या बंद करणे हा अपराध ठरेल.

लहान मुलांच्या बाबतीत आशा कार्यकर्तीही या प्रशिक्षणाच्या कक्षेत येते. नवजात बाळाने पहिल्या ४८ तासांत काळी शी केली नाही आणि पोट फुगत असेल, तर हर्षस्प्रुंग विकाराची शंका घ्यावी. या विकारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर आशाची पहिली ठरलेली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते, म्हणजे प्रश्न नेमका वेळेवर विचारता येतो. अशा बाळाला थेट बालशल्यचिकित्सा असलेल्या रुग्णालयात, उदाहरणार्थ परळच्या वाडिया रुग्णालयात, पाठवायचे.

यंत्रावरचे उच्च शिक्षण पोटविकारांच्या तीन वर्षांच्या डीएम अभ्यासक्रमात मिळते. अन्ननलिकेच्या मॅनोमेट्रीत नळीवर सेंटिमीटरभर अंतराने बसवलेले दाबमापक असतात, आणि त्यांचा रंगीत आलेख शिकागो वर्गीकरणाच्या २०२१ च्या चौथ्या आवृत्तीनुसार वाचतात. त्यासाठी सराव अनुभवी व्यक्तीच्या हाताखालीच व्हावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्यव्यवस्थेत काम करायला लावणारा जिल्हा निवासी कार्यक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सक्तीचा केला आहे. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये १०० जागांनिशी सुरू झाले. या दोन्ही वाटांनी येणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या नोंदवहीत गुदपरीक्षा, ब्रिस्टल तक्ता आणि औषधांच्या पिशवीची तपासणी या तीन गोष्टी वरिष्ठाच्या सहीसह घालायच्या, तर कर्जत आणि चौक येथील ओपीडी त्यासाठी पुरेशी आहे.