वशिंडाची अर्धी साक्ष

माहूरगडाच्या पायथ्याशी तांबड्या, वशिंडाच्या बैलांची जोडी दिसली, तर ती बहुधा लाल कंधारी असते. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे या वाणाचे मूळ ठिकाण. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील देवणीही तितकीच नावाजलेली. या ओळखीच्या गुरांचे कूळ कोणते, हा प्रश्न मात्र विद्वानांना दीर्घकाळ पडला होता.

लिनियसने १७५८ मध्ये बाह्य रूप पाहून वशिंडाच्या व बिनवशिंडाच्या गुरांना दोन वेगळी नावे दिली. डार्विनने १८५९ मध्ये, कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लिथ यांनी कळविलेल्या सवयी, आवाज व प्रकृती यांच्या माहितीवरून, भारतीय व युरोपीय गुरांचे पूर्वज भिन्न असावेत, असा तर्क केला. पण तो तर्कच होता. गुण पिढ्यांतून कसे उतरतात, हे डार्विनलाही उमगले नव्हते.

त्याचे उत्तर ब्रनो येथील मठात मिळाले. ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून १८६५ मध्ये दाखविले, की मातापित्यांचे गुण एकमेकांत विरघळत नाहीत. स्वतंत्र घटकांच्या रूपाने ते पुढे जातात. जगाला त्याचे मोल १९०० मध्ये कळले.

पुढे १९९४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी युरोप, आफ्रिका व भारतातील गुरांचा, केवळ आईकडून येणारा डीएनए तपासला. भारतीय गुरांची मातृशाखा इतरांपासून लाखो वर्षांपूर्वीच विलग झालेली आढळली. मनुष्याने गुरे पाळली ती मात्र गेल्या दहा-साडेदहा हजार वर्षांत. म्हणजे आपली गुरे बाहेरून आलेल्या कळपांची वंशज नव्हेत. त्यांचे पूर्वज भारतीय उपखंडातच स्वतंत्रपणे माणसाळले. डार्विनचा तर्क खरा ठरला. त्याचबरोबर आफ्रिकेतील वशिंडाच्या गुरांची मातृशाखा बिनवशिंडाच्या कुळाची निघाली! वशिंड तेथे वळूंच्या वाटेने पोहोचले होते. रूपाची साक्ष अशी अर्धीच असते.

ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हे. अधिक दुधासाठी आपल्या गायींचा होल्स्टीन व जर्सीशी संकर होत आला आहे. गरजू शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु लाखो वर्षे विलग राहिलेल्या दोन शाखा आपण एका गोठ्यात मिसळत आहोत, याचे भान हवे. मेंडेलचे घटक विरघळत नाहीत, हे खरे; पण ते वाहणारे शेवटचे जनावर गेले, की ते नाहीसे होतात. म्हणून शुद्ध लाल कंधारी वळू जपणारा शेतकरी नकळत एक प्राचीन दप्तरच सांभाळीत असतो.