केंद्रकस्नेही कोण?

आमच्या शिरूर-दौंडकडे उसाची मळी सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यापासून अल्कोहोल होतं. ते अ‍ॅसेटिक आम्लात मिसळून, थोडं गंधकाम्ल घालून तापवलं, की अल्कोहोलचा ऑक्सिजन आपली मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी आम्लातल्या इलेक्ट्रॉन कमी असलेल्या कार्बनला देतो. पुढे एस्टर बनतं. देणारा न्यूक्लिओफाइल, घेणारा इलेक्ट्रोफाइल.

ब्रिटिश रसायनज्ञ आर्थर लॅपवर्थ यांनी १९२५ साली यांना अ‍ॅनिऑनॉइड आणि कॅटायनॉइड म्हटलं, म्हणजे ऋणायनासारखे नि धनायनासारखे. पण अमोनियावर ऋणभार कुठे असतो? तरी तो देतोच की! १९३३ मध्ये क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी भार सोडून ओढ पाहिली आणि आजची नावं दिली. मराठीत केंद्रकस्नेही, इलेक्ट्रॉनस्नेही. माझ्यासारख्या बी.ए.वाल्यालाही कळावीत अशी! फक्त इलेक्ट्रॉनस्नेही म्हणजे इलेक्ट्रॉन बाळगणारा नव्हे, ज्याला ते कमी पडतात तो.