चर्च मायक्रो

चर्च मायक्रो ही ब्रिटनमधील चर्चांच्या परिसरात जिओकॅशिंग या मैदानी खेळासाठी लपवलेल्या छोट्या डब्यांची क्रमांकित मालिका आहे. मालिकेत हजारो डब्या असून त्यांपैकी बऱ्याच खेडेगावांतील मध्ययुगीन चर्चांजवळ आहेत. डबी ज्याने लपवली त्यानेच तिची देखभाल करायची, असा प्रघात आहे. रेल्वे स्थानकांसाठीची ‘साइडट्रॅक्ड’ आणि शेजारी-शेजारी असलेल्या लाल टपालपेटी व दूरध्वनी कक्षांसाठीची ‘अ फाइन पेअर’ या तिच्या भगिनी मालिका होत.

पार्श्वभूमी

अमेरिकी शासनाने जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी मे २००० च्या आरंभी काढून टाकली. त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंत चुकणारी स्थाननिश्चिती थोड्या मीटरांवर आली. ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. ही पहिली ‘कॅश’ मानली जाते. या शब्दाचा रोख पैशांशी संबंध नाही. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे. ब्रिटनमध्ये मात्र अशा शोधाची सवय जुनी होती. डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरॉट यांनी क्रॅनमिअर पूल येथे ठेवलेल्या बाटलीपासून ‘लेटरबॉक्सिंग’ची परंपरा सुरू झाल्याचे सांगितले जाते.

स्वरूप

‘मायक्रो’ म्हणजे छायाचित्रणाच्या फिल्मच्या डबीएवढे पात्र. त्यात नोंदीची कागदी गुंडाळी असते. शोधणाऱ्याने तिच्यावर नाव व दिनांक लिहून डबी होती तेथेच ठेवायची असते. अनेक ठिकाणी जाहीर केलेले स्थान डबीचे नसून चर्चचे असते. तेथे गेल्यावर सूचनाफलक, युद्धस्मारक, घंटाघरावरील सन किंवा एखादा शिलालेख वाचून आकडे गोळा करावे लागतात आणि त्यांतून खरे स्थान काढावे लागते. समजा, फाटकावर १८७३ हे साल आहे आणि सूत्रात रेखांशाच्या मिनिटांचे शेवटचे तीन अंक त्यातील दुसऱ्या, चौथ्या व पहिल्या अंकांनी बनतात. तर उत्तर ८३१ येते. डबी सहसा आवाराबाहेर, कुंपणात वा पायवाटेच्या खांबाजवळ असते. वास्तू आकडे पुरवते आणि स्वतः अस्पर्शित राहते, हे या रचनेचे खरे वैशिष्ट्य आहे.

जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटांत देतात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग सर्वत्र सुमारे १.८५ मीटर भरतो. रेखांशाचा तेवढाच भाग ध्रुवाकडे जाताना आखडत जातो. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा ज्या पट्ट्यात आहे, त्या १९ ते २० अंश उत्तर अक्षांशांदरम्यान तो सुमारे १.७५ मीटर असतो, तर इंग्लंडमध्ये ५२ अंशांवर सुमारे १.१४ मीटर. म्हणून शेवटच्या अंकातील चूक तेथे थोडी स्वस्त पडते.

जागेचे नियम

डबी प्रकाशित होण्यापूर्वी स्वयंसेवी परीक्षक नोंद तपासतात. जागामालकाची परवानगी आवश्यक असते, स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून डबी पुरता येत नाही आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर (एक दशांश मैल) अंतर लागते. चर्चच्या आवारात आणखी एक मर्यादा येते. तेथे आजही दफने होतात आणि शोकाकुल कुटुंबे येतात. थडग्यांमध्ये वाकून शोधणारे अनोळखी लोक त्यांना खटकणे स्वाभाविक आहे.

शहरी भागातील धोका वेगळा आहे. जुलै २०११ मध्ये यॉर्कशरमधील वेदरबी येथे अशी एक डबी स्फोटक समजली गेली. रस्ता बंद करून बॉम्बनाशक पथकाने ती उडवून दिली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात इंग्रजी धाटणीची चर्चे मुख्यतः बंदरांच्या व छावण्यांच्या गावी आहेत. मुंबईत कुलाब्याचे ‘अफगाण चर्च’ (सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, १८५८) पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारले गेले. मराठवाड्यात हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आकड्यांच्या कोड्यासाठी वसई किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चांचे अवशेष अधिक अनुकूल आहेत, कारण तेथील फरसबंदीत लेख कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. हेमाडपंती देवळांवर बांधकामाचा सन बहुधा नसतो. औंढा नागनाथसारख्या ठिकाणी खांब किंवा पायऱ्या मोजूनच सूत्र बनवता येईल.

वसईचा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार अशा स्मारकाला इजा पोहोचवणे किंवा ते विद्रूप करणे हा गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. भिंतीच्या फटीत डबी खुपसताना सांध्यातील चुना निघाला, तरी ती हानीच होय. त्यात बेवारस वस्तू दिसताच पोलिसांना कळवा, ही सूचना रेल्वे स्थानकांवर नेहमी ऐकू येते. गर्दीच्या देवस्थानी लपवलेली डबी खेळ म्हणून ओळखली जाण्याची शक्यता कमीच.

या परिस्थितीत डबीविना प्रकार अधिक सोयीचे ठरतात. ‘आभासी कॅश’मध्ये जागेवरील प्रश्नाचे उत्तर किंवा छायाचित्र हाच पुरावा असतो. २००४ पासून चालू असलेल्या ‘अर्थकॅश’मध्ये भूशास्त्रीय निरीक्षण नोंदवावे लागते, बेसाल्ट खडकातील लोणारचे आघाती विवर हे त्यासाठी उघडच योग्य स्थळ आहे.