काळ्या दगडावरचं बिऱ्हाड

तुम्ही भोकरच्या माळावर उभे आहात, पण ज्वारीचं रान नाही की रेल्वे स्टेशन नाही. साडेसहा कोटी वर्षं मागे आलात. पायाखालचा लाव्हा नुकता थिजलाय, भेगांतून अजून तांबडं दिसतं, गंधकाच्या वासानं घसा धरतो. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग ज्या काळ्या पाषाणाचा, तोच पश्चिमेला मुंबईच्या समुद्रात उतरतो. इथे रेंगाळू नका. या दगडावर अजून काहीच उगवलेलं नाही.

आता नोव्हेंबर 2020. दिवाळीच्या अमावस्येची ओहोटी, पहाटेची वेळ. तोंडाला मास्क, पायात रबरी बूट, आणि तुम्ही मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर. दगड तोच, पण ओळखू येत नाही. बोट टेकवायलाही मोकळी जागा नाही. टेकवूही नका. टॉर्च जवळ धरा आणि आधी डबक्यातलं बघा. जीव पाण्याखाली असला तरच उमलतो आणि नाव सांगतो.

पांढरा, टोकाला उघडा सुळका शिंपल्याचा भाऊबंद वाटतो. पण झडप उघडून तो पिसासारखे पाय हलवतोय. बार्नॅकल, नातं खेकड्याशी. गुलाबी डाग म्हणजे अंगात चुना साठवणारं शैवाल. वेटोळ्या पांढऱ्या नळीत कृमी राहतो. छिद्रं पडलेला नारिंगी थर स्पंजाचा.

पुढे हिरवट चकत्यांची दाटी, प्रत्येकीला बारीक शुंडकांची झालर. प्रवाळच, असं म्हणाल. नाही, हे झोअँथिड. अंगात चुन्याचा सांगाडा नाही. काहींच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, म्हणून मघाशी बोट आवरायला सांगितलं.

आता ती कपार. नखाएवढी कठीण वाटी, आत कडेपासून मध्याकडे जाणारे पातळ पडदे. हे खरं प्रवाळ, ऱ्हायझँजिडी कुळातलं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाहणीत वरळी आणि हाजी अलीला प्रवाळ सापडलं ते सगळं मिळून अर्धा चौरस मीटरसुद्धा भरत नव्हतं. मागे कोस्टल रोडचं काम चाललंय आणि याच महिन्यात या प्रवाळाच्या 18 वसाहती दुसरीकडे हलवल्या जातायत. ओळखणारं कुणी नसतं, तर शेवाळ समजून त्या भरावाखाली गेल्या असत्या. हलवणं हा उत्तम उपाय होता असं मला वाटत नाही. पण नाव कळलं म्हणून निदान तेवढं तरी झालं.

भरती चढतेय, निघा. आज, भोकरमध्येच, कुणाच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी. दगडावर एक तपकिरी, अर्धपारदर्शक देठ उगवलाय, वर शुंडकांचा झुबका. एप्टेशिया हे समुद्रफूल असावं. खरवडलंत तर तळाचे उरलेले कण नवी समुद्रफुलं होतात. म्हणून शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, रात्रीही एकदा बघा, मगच ठरवा.

आणि टाकीसाठी दगड घेतानाच सावध राहा. 2001 पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघही त्याच यादीत. समुद्रातून फोडून आणलेला 'जिवंत दगड' कुणी स्वस्तात देऊ केला, तरी घेऊ नका.