गुरुत्वीय व चुंबकीय सर्वेक्षण, दख्खन ट्रॅपमधील

भूपृष्ठावरील गुरुत्वाकर्षण व चुंबकीय क्षेत्र यांतील सूक्ष्म फरक मोजून बेसाल्टाखालील संरचनांचा वेध घेण्याची भूभौतिकीय पद्धत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांनी झाकलेला असल्याने खालचा पाया क्वचितच उघडा दिसतो.

घनतेतील फरकामुळे होणारा गुरुत्वातील बदल मिलिगॅलमध्ये मोजतात. उंची, अक्षांश व भूरचना यांच्या दुरुस्त्या केल्यावर उरते ती विसंगती. चुंबकीय मापनात मॅग्नेटाइटयुक्त बेसाल्टाचे अवशेष चुंबकत्व (पहा : पुराचुंबकत्व) अडचणीचे ठरते. अनेक थरांत ते आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे आहे. धुळे-नंदुरबारकडील भित्तींचा (पहा : डाइक) माग काढण्यास मात्र हेच चुंबकत्व उपयोगी पडते.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या सर्वेक्षणांना विशेष महत्त्व आले. कोयना व कुर्डुवाडी येथील न्यून-गुरुत्व पट्ट्यांवरून कृष्ण ब्रह्मम् व नेगी यांनी १९७३ मध्ये ट्रॅपखाली खचदऱ्या असल्याचे सुचवले. एकाच विसंगतीला अनेक रचना जुळू शकतात, त्यामुळे निर्णय वेधनावर सोपवावा लागतो. कोयनेजवळ रासाटी येथील १,५२२ मी. खोल विंधनविवरात ९३३ मी. बेसाल्टाखाली थेट ग्रॅनाइटी पाया लागला. मधले अपेक्षित गाळखडक आढळले नाहीत. किल्लारीच्या विवरात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. भरली (पहा : किल्लारी भूकंप).