दोन गोळ्यांची गाठ : टीबीचं औषध आणि पाळणा लांबवायची गोळी

आज आपण इतिहास बोलणार आहोत, पण राजा-महाराजांचा नाही. आपल्या घरात उतरंडीमागं, ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवलेल्या दोन गोळ्यांचा.

सुरुवात आमच्या गटातल्या एका बाईपासून करू. नाव सांगणार नाही, पण हे सांगायला तिनंच परवानगी दिली आहे. दोन लेकरं झाल्यावर ती रोज माला-एन घ्यायची. मग खोकला लागला, वजन उतरलं. तिचं माहेर सीमेपलीकडं, तेलंगणात. टीबी असल्याचं तिकडच्या एका डॉक्टरानं सांगितलं आणि औषध सुरू झालं. सासरी कुणाला कळू नये म्हणून तिनं इकडं आशाताईलाही सांगितलं नाही. तिकडच्या डॉक्टरासमोर ‘पाळणा लांबवायची गोळी घेते’ म्हणायची लाज वाटली. त्यांनीही विचारलं नाही. चौथ्या महिन्यात पाळी चुकली. घरात एकच वाक्य : “गोळी चुकवली असशील.” तिनं एकही गोळी चुकवली नव्हती.

मग चुकलं कुठं? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

१९५७ साली फ्रान्सच्या समुद्रकाठची माती इटलीतल्या मिलान शहरात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून जंतू मारणारं द्रव्य मिळालं. त्यात सुधारणा करत १९६५ च्या सुमारास रिफाम्पिसिन तयार झालं. टीबीवर याच्याइतकी गुणकारी औषधं थोडीच आहेत. ते येण्याआधी टीबीचा इलाज वर्ष-दीड वर्ष चालायचा. रिफाम्पिसिन आल्यावर तो सहा महिन्यांवर आणता आला.

दुसरी गोळी त्याच काळातली. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी ती जर्मनीत विक्रीला आली. बाईच्या शरीरातल्या हार्मोनसारखीच हार्मोनं तिच्यात असतात. रोज ठरलेल्या मात्रेत ती पोटात गेली तर बीज सुटत नाही. मात्रा कमी पडली तर भरवसा जातो.

आता या दोघींची गाठ पडते. पश्चिम जर्मनीत टीबीच्या इलाजावर असलेल्या बायका दवाखान्यात सांगू लागल्या की गोळी नियमित घेऊनही मधेच अंगावर जातंय, पाळीचा नेम राहिला नाही. रायमर्स आणि येझेक या दोन डॉक्टरांनी त्यांचं बोलणं झटकून टाकलं नाही, लिहून ठेवलं आणि १९७१ साली छापलं. पुढं दोन्ही औषधं सोबत घेणाऱ्या ८८ बायकांची माहिती पुढं आली. त्यांतल्या बऱ्याच जणींची पाळी बिघडली होती आणि पाच जणींना दिवस गेले होते.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू या. हा शोध कुठल्या यंत्रानं आधी लावला नाही. ‘पाळी बिघडली’ हे बायकांनी सांगितलं आणि समोरच्यानं ऐकलं, तिथून तो सुरू झाला. शरीरात नेमकं काय घडतं, याचा उलगडा तपासण्यांनी त्यानंतर केला.

घडतं ते असं. पोटात गेलेल्या औषधांचा निपटारा बराचसा आपलं यकृत, म्हणजे काळीज, करतं. त्याला खळं समजा. रोज चार मजूर येतात आणि ठरलेला माल ठरलेल्या वेळात उरकतात. रिफाम्पिसिन आलं की खळ्यावर मजुरांची भरती होते, चाराचे दहा होतात. हे मजूर रिफाम्पिसिनपुरते थांबत नाहीत, शेजारी पडलेला मालही उचलतात. गर्भनिरोधक गोळीतली हार्मोनं दिवसभर पुरायची, ती लवकर संपतात. गोळी खोटी नसते, बाईही चुकलेली नसते, पण अंगात मात्राच उरत नाही. भरतीला एक-दोन आठवडे लागतात आणि टीबीचं औषध बंद झाल्यावरही मजूर लगेच घरी जात नाहीत. म्हणून औषध संपल्यावर आणखी चार आठवडे जपायचं असतं.

याची कुणकुण जगाला १९७१ सालीच लागली होती. मग आपल्या देगलूरच्या बाईपर्यंत का आलं नाही? कारण दोन्ही गोळ्या आपल्याकडं वेगवेगळ्या दारांनी आल्या.

कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ चा. टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ चा. रिफाम्पिसिन महाग होतं, त्यामुळं कित्येक वर्षं खेड्यातल्या टीबीच्या रुग्णाला जुनी औषधं आणि सुयाच मिळायच्या. १९९७ साली सुधारित कार्यक्रम सुरू झाला, २००६ पर्यंत तो देशभर पोचला आणि रिफाम्पिसिन गरिबाच्या घरात फुकट आलं. ही मोठी कमाई होती. दुसरीकडं २०११ साली आशाताईंनी गर्भनिरोधक साधनं घरपोच द्यायची योजना सुरू झाली आणि पुढं देशभर पसरली. तीही कमाईच. पण एका गोळीची नोंद एका वहीत आणि दुसरीची दुसऱ्या वहीत राहिली. त्यात आपला तालुका सीमेवरचा. ताप आला तर देगलूर, मोठं दुखणं असलं तर नांदेड नाहीतर निजामाबाद, माहेर बिदरकडं असलं तर तिकडचा डॉक्टर. तीन राज्यांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत असतात. दोन्ही गोळ्या घरात आहेत हे पुष्कळदा एकाच माणसाला माहीत असतं. ती म्हणजे घेणारी बाई. आणि तिलाच लाजेनं गप्प बसावं लागतं.

म्हणून आता कामाचं बोलू.

टीबीच्या पाकिटावर नावं इंग्रजीत असतात आणि एकाच गोळीत चार औषधं असतात. औषध सुरू झाल्यावर लघवी केशरी-लालसर झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. तो दिसला की गर्भनिरोधक गोळीची आठवण झाली पाहिजे. माला-एन असो की माला-डी, या काळात तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीचाही जोर कमी पडतो. निरोध चालतो. तांबी चालते, मात्र गर्भाशयाचा टीबी असेल तर ती बसवत नाहीत. तीन महिन्यांची अंतरा सुई चालते. छाया गोळीचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा : टीबीचं औषध मनानं कधीही बंद करायचं नाही. बदलायचं ते पाळणा लांबवायचं साधन. इलाज चालू असताना दिवस गेलेच, तरीही औषध सोडायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. टीबीची नेहमीची औषधं गरोदरपणातही देतात.

खळ्यावरचे हे मजूर आणखीही बऱ्याच मालाला हात लावतात. साखरेच्या काही गोळ्या, रक्त पातळ करायचं औषध, एचआयव्हीची काही औषधं रिफाम्पिसिनसोबत कमी पडतात, म्हणून डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात. टीबीचंच दुसरं औषध आयसोनायाझिड उलटं वागतं. फिट्सवरच्या फेनिटॉइन गोळीचा निपटारा ते मंदावतं, त्यामुळं ती अंगात साठते आणि चक्कर येते, तोल जातो. पण सगळ्याच औषधांवर संशय नको. सर्दी-तापाला मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिकनं गर्भनिरोधक गोळी निकामी होत नाही.

आमच्या गटानं एक रीत पाडली आहे. घरात चालू असलेली सगळी पाकिटं, बायकोची, नवऱ्याची, सासूची, एका कापडी पिशवीत ठेवायची. दवाखाना देगलूरचा असो की सीमेपलीकडचा, ज्याची तपासणी त्याची पाकिटं टेबलावर मांडायची आणि विचारायचं : “हे सगळं सोबत चालतं का?” लाज वाटली तर बोलूही नका, पाकीट पुढं करा. मेडिकलवालाही सांगू शकतो. टीबीबद्दल विचारायला निक्षय संपर्कचा फुकट फोन आहे : १८००-११-६६६६. औषधानं काही विपरीत झालं तर ते कळवायला सरकारचा दुसरा फुकट फोन आहे : १८००-१८०-३०२४. तिथं नोंद होते. जर्मनीतल्या त्या बायकांची झाली तशीच तुमचीही होईल आणि पुढच्या बाईच्या कामी येईल.

आमच्या मैत्रिणीनं इलाज पूर्ण केला. लेक झाली, दोघी ठणठणीत आहेत. पण ते लेकरू कधी हवं हे ठरवायचा हक्क तिचा होता आणि तो माहितीवाचून गेला, ही खंत तिला अजून आहे. तिच्या सासूबाईंनी हे बोलणं आमच्या बैठकीत ऐकलं. त्या उठून एवढंच म्हणाल्या, “मग पोरीनं गोळी चुकवली नव्हती तर.” ते ऐकून आमची मैत्रीण कितीतरी वेळ रडत होती.

पुढच्या बैठकीला पिशवी घेऊन या.